परसातल्या कोंबड्यांचा वरखाऊ, कॅल्शियम आणि टॉनिक: कुणाला, किती आणि कधी

ताई, तुम्ही सगळं नीट लिहिलंय त्यामुळे उत्तर द्यायला बरं पडतंय. म्हणजे १२ कोंबड्या, काही गावरान काही कावेरी (जास्त अंडी देणारी सुधारित जात), एक कोंबडा आणि ३ आठवड्यांची १८ पिल्लं, कुत्र्यांमुळे बाहेर सोडता येत नाही म्हणून सगळी एकाच जाळीच्या अंगणात. सकाळी रात्रीचा उरलेला भात, पोळी, भाजीची देठं, दुपारी लेयर मॅश (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य), संध्याकाळी भरपूर मका. आता अंड्याचं कवच पातळ यायला लागलंय, एक कोंबडी जाड होऊन अंडी द्यायची बंद झालीय, दोन पिल्लांच्या पायाची बोटं आत वळलीत, आणि दुकानदाराने लिव्हर टॉनिक, कॅल्शियम, मल्टीव्हिटॅमिन अशा तीन बाटल्या देऊन मोठ्यांना-पिल्लांना सगळ्यांनाच पाण्यातून द्या म्हणून सांगितलंय.

आधी तातडीचं सांगतो. ती कॅल्शियमची बाटली पिल्लांच्या पाण्यात टाकू नका, टाकली असेल तर आत्ता पाणी बदला. पिल्लांनी लेयर मॅश खाणंही आजपासून बंद करा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

आता मुद्द्यावर येतो. परसातल्या कोंबड्यांमध्ये मला जे प्रॉब्लेम दिसतात त्यातले बरेचसे असे असतात की खाऊत वाईट काहीच नसतं, पण त्या खाऊने पोट भरल्यामुळे जे खायला पाहिजे ते कोंबडी खात नाही. तुमच्याकडे नेमकं हेच चाललंय. कोंबडीला दिवसाला साधारण १०० ते ११० ग्रॅम खाद्य लागतं, गावरान असेल तर जरा कमी. सकाळी उपाशी पोटी तिच्यासमोर भात आला की ती गळ्यातली पिशवी गच्च भरून घेते, शिजलेल्या भातात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, प्रोटीन नावाला. मग दुपारी मॅश टाकलं तरी ती चार चोची मारते आणि सावलीत जाऊन बसते, आणि संध्याकाळी मका दिसला की परत तुटून पडते. लेयर मॅशमध्ये १६ ते १८ टक्के प्रोटीन असतं, मक्यात ९ च्या आसपास. म्हणजे तुम्ही पोतं चांगलं आणलंय, पैसे मोजलेत, पण कोंबडीच्या पोटात जातंय ते निम्म्या प्रोटीनचं.

कवचाचा हिशोबही इथेच आहे. लेयर मॅशमध्ये साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, म्हणजे १०० ग्रॅम मॅश खाल्लं तर साडेतीन-चार ग्रॅम. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं आणि खाल्लेल्यातलं निम्म्याच्या आसपासच अंगी लागतं. मग कोंबडीने मॅश ५० ग्रॅमच खाल्लं तर तिच्या हाती १ ग्रॅम पण नीट येत नाही, उरलेलं ती स्वतःच्या हाडातून काढते. काही दिवस अंडी ठीक येतात म्हणून आपल्याला कळत नाही, आणि मग कवच पातळ, खरखरीत, कधी नुसतं पापुद्र्यातलं अंडं. भात आणि मक्यात कॅल्शियम जवळजवळ नाहीच. त्यामुळे बाटलीच्या आधी भाताचं टोपलं कमी करा.

मी लोकांना सांगतो तो अंदाज असा की बंदिस्त कोंबडीला वरचा खाऊ एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. म्हणजे तुमच्या १२ कोंबड्या आणि कोंबडा मिळून कोरडं धान्य एक वाटी, बस. वाटी भरून, टोपलं भरून नाही. आणि क्रम उलटा करा, सकाळी उजाडल्या उजाडल्या मॅश, दिवसभर मॅश समोर असू दे, आणि खाऊ दुपारी उशिरा, अर्ध्या तासात संपेल एवढाच. दोन-चार दिवस त्या तुमच्यामागे धावतील, जाळीला चोच मारतील, मॅश पायाने उकरून सांडतील. त्याकडे लक्ष देऊ नका, पोटात भूक असली की खातात.

इथे एक फरक लक्षात घ्या, कारण गावाकडे आजी-आईने आयुष्यभर ज्वारी आणि कण्यावर कोंबड्या सांभाळल्या, त्यांना काही झालं नाही असं तुमच्या सासूबाई म्हणतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. त्या कोंबड्या दिवसभर उकिरड्यावर, गोठ्यात, बांधावर फिरायच्या, किडे, अळ्या, कोवळं गवत, शेणातले दाणे, बारीक खडे, शिंपल्यांचे तुकडे सगळं आपापलं शोधायच्या. प्रोटीन आणि खनिजं बाहेरून यायची आणि घरचं धान्य नुसतं ताकदीपुरतं, संध्याकाळी आत बोलवण्यापुरतं. अशा मोकळ्या कोंबडीला संध्याकाळी ३०-४० ग्रॅम धान्य दिलं तरी छान चालतं. तेच धान्य जाळीत कोंडलेल्या कोंबडीला मुख्य जेवण म्हणून दिलं की गडबड होते. शिवाय ती आजीची गावरान वर्षाला ५०-६० अंडी द्यायची, मध्ये खुडूक बसून विश्रांती घ्यायची. तुमची कावेरी त्याच्या कितीतरी पट अंडी देते, तिची गरजही तेवढीच जास्त असणार.

कॅल्शियम द्यायचं तर वेगळ्या भांड्यात द्या. शेल ग्रिट म्हणून शिंपल्यांचा भरडा मिळतो, कोकणात कुणी ओळखीचं असेल तर तिसऱ्या-कालवांची शिंपलं मागवा, स्वच्छ धुऊन, वाळवून, गव्हाच्या-ज्वारीच्या दाण्याएवढी फोडा. अगदी पीठ करू नका. कवच बनायला जवळजवळ २० तास लागतात आणि त्यातला बराच भाग रात्री असतो, रात्री कोंबडी खात नाही, तेव्हा पोटात हळूहळू विरघळणारा जाड तुकडा असला तर पहाटेपर्यंत कॅल्शियम मिळत राहतं. म्हणून शिंपलं संध्याकाळी समोर असायलाच हवीत. जिला गरज आहे ती बरोबर खाते, कोंबडा आणि अजून अंडी न घालणारी तलंग (तरुण कोंबडी) फारशी तोंड लावत नाही. घरच्या अंड्याची टरफलं पण चालतात, तव्यावर कडक भाजून चुरा करून, आकार ओळखू येणार नाही इतपत बारीक, नाहीतर अंडी फोडून खायची सवय लागायची भीती असते आणि ती सवय मोडणं फार अवघड जातं.

शिंपलं आणि खडे ही दोन वेगळी कामं आहेत हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. कोंबडीला दात नाहीत, दाणा दळायचं काम पेट्यात होतं, आपण कलेजी-पेटा म्हणतो तोच, आणि त्यासाठी न विरघळणारे कठीण खडे लागतात. शिंपलं विरघळून जातात, ती दळायचं काम फार वेळ करत नाहीत. नुसतं मॅश खाणाऱ्या कोंबडीला खड्यांची फारशी गरज नसते, पण अख्खा दाणा, गवत, पालेभाजी देत असाल आणि अंगण सिमेंटचं असेल तर नदीची जाड वाळू एका घमेल्यात ठेवून द्या.

आता जाड झालेली कोंबडी. आधी ती खरंच जाड आहे का बघा, कारण खुडूक कोंबडी पण पिसं फुलवून मोठी दिसते आणि अंडी बंद करते. रात्री हातात घेऊन छातीचं हाड चाचपा, दोन्ही बाजूला मांस भरून हाड लागतच नसेल आणि पोट खाली थुलथुलीत असेल तर चरबी आहे. मका, भात, तेलकट पोळी याची जास्तीची ताकद यकृतात चरबी होऊन साठते, यकृत ठिसूळ होतं, आणि उन्हाळ्यात अशी कोंबडी काही आजार न दिसता अचानक मरून पडते, तुरा फिका पडलेला असतो आणि आत रक्ताची गाठ सापडते. लोकांना वाटतं साप चावला किंवा कुणी काही घातलं. यावर लिव्हर टॉनिक हा उपाय नाही हो. मका बंद करा, मॅश आणि पाला चालू ठेवा, तिला जरा हालचाल मिळेल असं करा, पाला उंचावर बांधला तर उड्या मारून खातात. एकदम उपाशी मात्र ठेवू नका, हळूहळू उतरू दे.

पिल्लांकडे येतो, कारण जास्त काळजी तिथे आहे.

पिल्लाला कॅल्शियम १ टक्क्याच्या आसपासच लागतं, लेयर मॅशमध्ये त्याच्या जवळजवळ चौपट असतं. हे जास्तीचं कॅल्शियम बाहेर टाकायचा ताण मूत्रपिंडावर येतो, ती खराब होतात, युरेटचे (लघवीतल्या क्षारांचे) पांढरे थर आतल्या अवयवांवर बसतात, पिल्लू सुस्त होतं आणि मरतं, काही पिल्लं जगतात पण पुढे मोठी झाल्यावर त्यांची कुवत कमीच राहते. दुकानदार म्हणतो कॅल्शियमने हाडं मजबूत होतात, पण हाडाला कॅल्शियमबरोबर फॉस्फरस आणि डी-३ जीवनसत्त्व योग्य प्रमाणात लागतं, नुसतं एक वाढवलं की उलट पाय बिघडतात. म्हणून पहिले ८ आठवडे चिक स्टार्टर (पिल्लांचं खाद्य), २० टक्के प्रोटीनचं, मग ग्रोअर (वाढत्या वयाचं खाद्य), आणि पहिलं अंडं दिसायला लागलं की लेयर. तालुक्याला चिक स्टार्टर मिळत नसेल तर ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर किंवा स्टार्टर सुरुवातीचे ३-४ आठवडे चालतं, मी स्वतः बऱ्याचदा हेच सुचवतो कारण ते सगळीकडे ताजं मिळतं. पोत्यावरचं लेबल मात्र वाचा, त्यात रक्ती हगवणीचं औषध आधीच घातलेलं असू शकतं, असं फीड अंडी देणाऱ्या कोंबड्यांसमोर ठेवायचं नाही.

एकाच अंगणात दोन्ही कशी सांभाळायची तर जाळीचा किंवा बांबूच्या पट्ट्यांचा एक कोपरा करा ज्यात फक्त पिल्लू आत शिरेल, कोंबडीचं अंग मावणार नाही, त्यात पिल्लांचं खाद्य-पाणी ठेवा, आणि लेयर मॅश पिल्लांच्या मानेच्या वर येईल एवढ्या उंचीवर टांगा. तेही जमत नसेल तर सगळ्यांनाच काही आठवडे ग्रोअर द्या आणि मोठ्यांसाठी शिंपलं वेगळी उंचावर ठेवा. मोठ्या कोंबडीने पिल्लाचं, औषध नसलेलं, खाल्लं तर नुकसान नाही, शिंपल्यातून तिची भरपाई होते, उलटं मात्र चालत नाही. पिल्लं घेऊन फिरणारी आई पिल्लांबरोबर स्टार्टर खाते ते उत्तमच, ती तेव्हा अंडी देत नसते.

पिल्लांना खाऊ द्यायचा का? पहिले दोन-तीन आठवडे मी नको म्हणतो. पोटातला बलक त्यांना पहिले दोन-तीन दिवस पुरतो, त्यानंतर वाढ इतकी जोरात असते की प्रत्येक चोचीत प्रोटीन जायला पाहिजे. पहिल्या दिवशी प्रवासाने दमून आलेल्या पिल्लांना गुळाचं पाणी देतात, लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास, ते ठीक आहे, पण काही तासच, दिवसभर तेच ठेवलं तर हगवण लागते आणि चोची-पिसं चिकट होतात. पेपरवर मक्याचा बारीक भरडा टाकायची पद्धत पण पहिल्या दिवसापुरती चांगली, बुडाला विष्ठा चिकटायचं कमी होतं, मात्र दुसऱ्या दिवसापासून फीड. कोरा गुळगुळीत पेपर जास्त दिवस ठेवू नका, पाय घसरून फाकतात. तुमची आता ३ आठवड्यांची आहेत, त्यांना उकडलेलं अंडं बारीक कुस्करून, कोथिंबीर-मेथीची पानं चिरून चिमूटभर चालेल, पण बरोबर बारीक वाळू द्या नाहीतर पाल्याचे धागे पोटात गुंता करतात. राहिलेलं अंडं तासाभरात उचला.

अन्नाबाबत नावं घेऊन सांगतो. तांदूळ, कणी कच्ची दिली तर पोटात फुगून कोंबडी फुटते हे खोटं आहे, कच्चं धान्य त्या आरामात पचवतात. ज्वारी, बाजरी, गहू, नाचणी सगळं चांगलं, बाजरीत प्रोटीन मक्यापेक्षा जरा जास्त. पालेभाज्यांचे देठ, कोबीची वरची पानं, गाजर, भोपळा आणि त्याच्या बिया, काकडी, कलिंगडाची साल, पपई, केळं, लसूणघास, शेवग्याचा पाला, सगळं द्या. पालक रोज रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं आणि तुमचा प्रॉब्लेमच कवचाचा आहे. दूध नको, ताक-दही थोडं चालतं.

चिवडा, फरसाण, पापड, लोणच्याचा खार, खारवलेली सुकी मासळी हे अजिबात नाही. मीठ कोंबडीला फार लवकर बाधतं, पिल्लांना तर विचारूच नका, खूप पाणी पितात, पातळ हगतात, पाय लटपटतात. कच्चा राजमा, कच्चं सोयाबीन नको, त्यातले घटक उष्णतेनेच निष्क्रिय होतात, सोयाबीन नीट भाजलेलं किंवा पेंडीच्या रूपात द्या. हिरवे पडलेले बटाटे आणि त्यांची सालं, अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, वापरलेली चहापावडर नको. अंगणात कण्हेर, एरंड असेल तर जाळीच्या आत त्याचं पान-बी पडणार नाही हे बघा. सरकी पेंड गाई-म्हशींसाठी घरात असते म्हणून लोक कोंबड्यांना टाकतात, त्यातल्या गॉसिपॉलने अंड्याचा बलक साठवल्यावर हिरवट-तपकिरी पडतो, अंडी विकत असाल तर गिऱ्हाईक परत येणार नाही.

जूनमध्ये पेरणी झाली की उरलेलं बियाणं, लाल-गुलाबी-निळ्या रंगाचं, कोंबड्यांना टाकलं जातं, हे कृपा करून कुणी करू नका. तो रंग बुरशीनाशक-कीटकनाशकाची बीजप्रक्रिया झाल्याची खूण आहे. त्यातलं थायरम तर पिल्लांच्या पायाच्या हाडांची वाढ बिघडवण्यासाठी आणि मऊ कवचाच्या, कवच नसलेल्या अंड्यांसाठी ओळखलं जातं. धुऊन दिलं तरी भरवसा नाही. तुमच्याकडे घरात शेती आहे असं लिहिलंय म्हणून मुद्दाम विचारतो, पिल्लांना किंवा कोंबड्यांना असं काही गेलंय का ते घरात विचारून बघा.

आणि बुरशी. या विषयावर मी कितीही बोलू शकतो कारण पावसाळ्यात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मका, शेंगदाणा पेंड, खराब शेंगदाणे हे ओलसर राहिले की अ‍ॅस्परजिलस बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी कशाने मरतायत ते कळेना, शेवटी धागा लागला तो खाद्यातल्या ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीशी, आणि तिथून या विषाचा शोध लागला. हे विष उन्हात वाळवून, तव्यावर भाजून, शिजवून जात नाही, बुरशी मरते पण विष तसंच राहतं. थोडं थोडं रोज गेलं तर कोंबडी मरत नाही, पण यकृत खराब होतं, वजन वाढत नाही, अंडी कमी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे लसीकरण करूनही लस नीट लागत नाही. आपल्याकडे माणसाने खायचं नाही असा किडका, बुरसलेला, ढेकळं झालेला मका, काळे पडलेले शेंगदाणे, पोपटी-काळी बुरशी आलेली पोळी आणि ब्रेड कोंबड्यांना टाकायचा रिवाज आहे, तो पहिल्यांदा थांबवा. खाद्य पंधरा दिवस, फार तर महिनाभर पुरेल एवढंच आणा, पोतं भिंतीपासून लांब लाकडी फळीवर ठेवा, ओल्या हाताने-भांड्याने काढू नका, हाताला गरम लागलं, कुबट वास आला, गुठळ्या झाल्या तर खताच्या खड्ड्यात टाका. दीड हजाराचं पोतं टाकताना जीवावर येतं मान्य आहे, पण खाऊ घातलं तर त्याहून महाग पडतं.

दसऱ्या-दिवाळीनंतर झेंडूची तोरणं कोंबड्यांना टाकतात, त्याने बलक छान केशरी होतो हे खरं आहे, झेंडूतलं रंगद्रव्य बलकात उतरतं, पिवळा मका आणि लसूणघासानेही तेच होतं. पण बाजारातल्या झेंडूवर फवारणी झालेली असते, आणि दोरा! दोरा कोंबडी गांडूळ समजून गिळते, गळ्यातल्या पिशवीत त्याचा गोळा होतो, मग पिशवी सकाळीसुद्धा भरलेली आणि कडक लागते. घरच्या झाडाची फुलं असतील तर पाकळ्या तोडून टाका. आणि गडद बलक म्हणजे जास्त पौष्टिक असं समजू नका, तो मुख्यतः रंगाचा मामला आहे.

प्रोटीनचा खाऊ द्यायचा असेल तर माझी पहिली पसंती वाळवी. जुनं मडकं घ्यायचं, त्यात ओलं शेण, पाचट, गोणपाटाचे तुकडे, कुजकं लाकूड भरायचं, पाणी शिंपडून जिथे वाळवी आहे तिथे जमिनीवर उपडं ठेवायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी उचलून अंगणात झटकलं की पिल्लं वेडी होतात. फुकट, ताजं आणि उत्तम प्रोटीन. फक्त वाळवीचं औषध मारलेल्या जागेतलं नको. गांडुळं पण आवडीने खातात पण त्यांच्यातून जंतांचा फेरा चालू राहू शकतो, म्हणून खड्ड्यातली रोज ओंजळभर देत असाल तर जंताचं औषध वेळेवर द्या. बिनमिठाचा सुका जवळा चिमूट चिमूट चांगला, जास्त झाला की अंड्याला वास येतो. शेंगदाणा पेंड ताजी असेल तर थोडी. चिकनच्या दुकानातली आतडी-पिसं कच्ची कधीच देऊ नका, २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा काय झालं ते आपल्या सगळ्यांना आठवतंय, मेलेल्या पक्ष्याचं काहीही जिवंत पक्ष्याच्या तोंडात जाता कामा नये.

अझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी वनस्पती, तिच्याबद्दल यूट्यूबवर जे सांगतात की यात २५ टक्के प्रोटीन, फीड निम्मं वाचतं, ते अर्धवट आहे. ती टक्केवारी वाळलेल्या अझोल्याची. ताज्या अझोल्यात ९३ ते ९५ टक्के पाणी असतं, म्हणजे १०० ग्रॅम ताजा खाल्ला तर प्रोटीन दीड ग्रॅमच्या आसपास, आणि पोट भरलं पाण्याने. हिरवा पाला म्हणून द्या, जीवनसत्त्वं मिळतात, बलकाला रंग येतो, कोंबड्या खूश असतात, पण त्याच्या जोरावर मॅश कमी करू नका. शेवग्याच्या पाल्याचंही तसंच, ताजा वेगळा आणि सावलीत वाळवून केलेली पूड वेगळी.

आता त्या तीन बाटल्या. लिव्हर टॉनिक सध्या बाजूला ठेवा, खाणं सुधारल्यावर गरज पडणार नाही बहुतेक. कॅल्शियमची बाटली फक्त मोठ्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांना, पापुद्र्याची अंडी येत असतील तर ४-५ दिवस, वेगळ्या पाण्यात, पिल्लं पोचणार नाहीत अशी. मल्टीव्हिटॅमिन मात्र तुमच्या दोन पिल्लांसाठी उपयोगी आहे. बोटं आत वळणं हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं असेल तर बी-२ म्हणजे रायबोफ्लेविन कमी पडल्याचं असू शकतं, भात-मक्यात ते कमीच असतं. बी-कॉम्प्लेक्स असलेलं मल्टीव्हिटॅमिन लेबलवरच्या प्रमाणात सकाळी ताज्या पाण्यात, ५ ते ७ दिवस द्या. भांडं सावलीत ठेवा कारण उजेडाने बी-२ नासतं, संध्याकाळी उरलेलं ओतून द्या. त्या दोघांना वेगळं ठेवून थेंब थेंब पाजलंत तर जास्त चांगलं, कारण लंगडं पिल्लू पाण्यापर्यंत पोचतच नाही.

टॉनिकमध्ये लक्षात ठेवायच्या दोन-तीन गोष्टी दुकानदार सांगत नाहीत. रक्ती हगवण झाली आणि अ‍ॅम्प्रोलियम चालू केलं तर त्या दिवसांत बी-१ असलेलं व्हिटॅमिन देऊ नका, कारण ते औषध बी-१ च्या विरोधात जाऊनच रक्ती हगवणीच्या परजीवीला उपाशी मारतं, दोन्ही एकत्र दिलं की औषध फुकट. दुसरं, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस किंवा गंबोरो या आजाराची लस पाण्यातून देत असाल तर आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यात जंतुनाशक, तुरटी, हळद, औषध काही नको, क्लोरीनचं नळाचं पाणी पण नको, लस मरते. तिसरं, ग्रोथ प्रमोटर, म्हणजे वाढ जोरात होण्यासाठी, म्हणून सुटी पुडी कुणी दिली तर घेऊ नका. त्यात अँटिबायोटिक असतं बऱ्याचदा. कोलिस्टिनवर तर सरकारने जुलै २०१९ मध्ये कोंबड्यांसकट सगळ्या खाद्य-प्राण्यांसाठी बंदी घातली आहे, कारण माणसांसाठी ते शेवटच्या फळीतलं औषध आहे. घरची अंडी आपली पोरं खातात, हे डोक्यात ठेवा.

हळद, लसूण, ओवा चिमूटभर खाद्यात घालायला माझी हरकत नाही, पण मानमोडी आली की कांद्याचा रस आणि हळदीने कोंबड्या वाचतात हे म्हणणं धोकादायक आहे, त्याला लस हाच उपाय आणि तीही आधी. अ‍ॅपल सायडर व्हिनेगर द्यायचंच असेल तर पत्र्याच्या गॅल्व्हनाइज्ड भांड्यात नको, जस्त पाण्यात उतरतं.

उन्हाळ्यात वेगळं थोडं. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग गार करते, आणि धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन कवच पातळ होतं, भूक पण जाते. म्हणून मार्च ते जून खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर, दुपारी मका-धान्य काहीच नको कारण पचतानाही अंगात उष्णता तयार होते. काकडी, कलिंगड, गार पाणी, आणि कडक उन्हाच्या दिवसांत इलेक्ट्रोलाइट. व्हिटॅमिन सी पाण्यात दिलं तर थोडं थोडं ताजं करून द्या, ते लवकर खराब होतं.

एवढं बदलल्यावर कवच दोन-तीन आठवड्यांत सुधारायला हवं. नाही सुधारलं, किंवा अंडी वेडीवाकडी, सुरकुतलेली, आतला पांढरा भाग पाण्यासारखा येत असेल आणि सोबत शिंका-घरघर असेल तर ते खाण्याचं नाही, आजाराचं आहे, पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. पिल्लांचं बघा, ५-७ दिवसांत बोटं सैल व्हायला लागली तर आपण बरोबर रस्त्यावर आहोत. बोटं जन्मल्यापासूनच वळलेली असतील तर तो उबवणीतला दोष असू शकतो, आणि फार दिवस झालेलं असेल तर नस खराब होऊन पाय तसाच राहतो. पुढे दीड-दोन महिन्यांची झाल्यावर एखाद्याचा एक पाय पुढे एक मागे असा पडला तर व्हिटॅमिनवर वेळ घालवू नका, तो मरेक्स हा विषाणूचा आजार असू शकतो, त्याची लस हॅचरीत पहिल्याच दिवशी द्यायची असते, पुढची पिल्लं घेताना दिलीय का ते विचारून घ्या.

आणि तुमच्या मॅशच्या पोत्यावरची पॅकिंगची तारीख, प्रोटीन आणि कॅल्शियमचा आकडा मला लिहून पाठवा. तारीख तीन महिन्यांच्या मागची असेल तर त्यातली जीवनसत्त्वं बरीच उतरलेली असणार, मग पिल्लांबरोबर मोठ्यांनाही आठवडाभर मल्टीव्हिटॅमिन देऊ.